जलचिन्ह, मोर्तब आणि तालीक : दस्तऐवजाच्या प्रतीवरील खुणेचा इतिहास

दस्तऐवज खरा कशावरून, हा प्रश्न इतिहाससंशोधकास नित्याचाच आहे. त्याच्या जोडीचा दुसरा प्रश्न मात्र क्वचितच स्वतंत्रपणे विचारात घेतला जातो. दस्तऐवजाची प्रत एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती गेली म्हणजे ती कोणी, कोणास आणि कोणत्या कामापुरती दिली होती, हे त्या प्रतीवरूनच कळावे कसे? छत्रपती संभाजीनगरातील गारखेडा परिसराच्या पुंडलिकनगरात खोली भाड्याने घेणारा विद्यार्थी आधारपत्राची प्रत घरमालकास देतो, तीच बँकेस देतो, तीच भ्रमणध्वनीच्या दुकानदारास देतो. या सर्व प्रती एकमेकींसारख्या असतात. त्यांतील एक वाट चुकली, तर ती कोणाच्या हातून सुटली हे सांगण्यास कोणतेही साधन उरत नाही. अशा प्रतीवर खूण करावी हा त्यावरचा उपाय आहे, आणि ती खूण विनामूल्य करून देणारी साधने आज विपुल आहेत. परंतु त्यांतील कित्येक साधने खूण करण्याकरिता मूळ दस्तऐवजच आपल्या स्वाधीन करून घेतात. प्रस्तुत लेखात या प्रश्नाची ऐतिहासिक बाजू मांडावयाची आहे. तो नवा वाटला तरी त्याची मुळे याच शहराच्या परिसरात खोलवर गेलेली आहेत, असे दिसून येईल.

१. कागजीपुरा आणि खुणेवाचूनचा कागद

दौलताबादेहून खुलताबादेकडे जाताना कागजीपुरा हे गाव लागते. महंमद तुघलकाने इ. स. १३२७ च्या सुमारास राजधानी देवगिरीस आणली, तेव्हा कागद करणारे कारागीर येथे येऊन वसले, अशी परंपरा आहे. परंपरेतील तपशील बाजूस ठेविला, तरी दौलताबादी कागदाची दख्खनेतील कीर्ती निर्विवाद आहे. जुन्नरी कागदाप्रमाणेच दौलताबादी कागद हा दख्खनेतील दप्तरांचा एक मुख्य आधार होता.

हा कागद कसा होत असे, हे आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. ताग, जुनी गोणपाटे व चिंध्या कुजवून, कुटून, धुऊन त्यांचा लगदा करीत. तो हौदातील पाण्यात कालवून गवताच्या बारीक काड्यांच्या चटईवर उचलीत. पाणी निथळले म्हणजे चटईवर कागदाचा ताव उरे. तो वाळवून, खळ लावून, दगडाने घोटून गुळगुळीत केला की बोरूने लिहिण्यास योग्य होई. असा ताव उजेडासमोर धरल्यास त्यात गवताच्या काड्यांच्या समांतर शिरा दिसतात. दुसरी कोणतीही आकृती दिसत नाही. चटई लवचिक असल्याने तिच्यावर पक्की आकृती बसविण्यास जागाच नव्हती.

म्हणजे आपल्याकडील कागद स्वतः मुका होता. तो कोठला, कोणी केला, केव्हा केला, हे तो सांगत नसे. जे सांगावयाचे ते लिहिणाऱ्याने आणि शिक्का करणाऱ्यानेच सांगावयाचे. या एका गोष्टीचा परिणाम आपल्या दप्तरपद्धतीवर झाला असावा, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.

२. बोलका कागद

इटलीत याच्या उलट घडले. तेथील कारागिरांनी गवताच्या चटईऐवजी लाकडी चौकटीत ताणलेली धातूच्या तारांची जाळी वापरली. त्या जाळीवर तारेचीच एखादी आकृती टाचून बसविली, तर तिच्यावर लगद्याचा थर किंचित पातळ बसतो आणि उजेडासमोर धरताच ती आकृती ताव्यात उजळून दिसते. हेच जलचिन्ह. त्याची सर्वांत जुनी ज्ञात उदाहरणे इ. स. १२८२ च्या आसपासची असून ती इटलीतील आहेत. प्रारंभी हे चिन्ह कारखान्याची ओळख होते. पुढे ते कागदाच्या आकाराचे व प्रतीचेही द्योतक झाले. स्विस संशोधक ब्रिके याने १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कोशात १६,११२ जलचिन्हांचा संग्रह केला. तेव्हापासून युरोपात दिनांकहीन कागदाचा काळ ठरविण्याचे ते प्रमुख साधन झाले.

या साधनाचा उपयोग आपल्याकडील संशोधकासही होतो, तो एका करविषयक कायद्यामुळे. इ. स. १७९४ च्या इंग्रजी कायद्यान्वये परदेशी पाठविल्या जाणाऱ्या कागदावरील कराची परतफेड मिळविण्यासाठी जलचिन्हात वर्ष घालणे आवश्यक ठरले. त्यामुळे व्हॉटमन आदी कारखान्यांच्या कागदात वर्षाचे आकडे आढळतात. असा कागद कंपनीच्या कचेऱ्यांतून व पुढे खासगी व्यवहारांतूनही येथे वापरात आला. एखाद्या पत्रावर १७९० चा दिनांक असेल आणि कागदातील जलचिन्ह १८०१ चे असेल, तर ते पत्र १८०१ पूर्वी लिहिले गेले नाही, इतके निश्चित होते. मात्र एवढ्यावरून ते बनावट म्हणता येत नाही, कारण ती जुन्या पत्राची नंतर केलेली प्रामाणिक नक्कल असू शकते. उलट, जलचिन्ह जुने म्हणून लेखही जुना, असेही सिद्ध होत नाही. शेक्सपिअरची कागदपत्रे म्हणून १७९० च्या दशकात बनावट कागद तयार करणाऱ्या विल्यम आयर्लंडने त्या काळाचे सुरईचे जलचिन्ह असलेला जुना कोरा कागद मुद्दाम मिळविला होता. जलचिन्ह कागदाबद्दल बोलते, मजकुराबद्दल बोलत नाही. हा भेद पुढे उपयोगी पडणार आहे.

३. मोर्तब, निशाणी आणि तालीक

कागद मुका असल्याने मराठी दप्तराने साक्षीची सर्व जबाबदारी लेखावर टाकली. राजपत्राच्या शिरोभागी मुद्रा आणि शेवटी मोर्तब हा क्रम सर्वश्रुत आहे. शिवकालीन पत्रांच्या अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ हे मोर्तब असते, तर अन्य अधिकाऱ्यांच्या मोर्तबांत ‘लेखनसीमा’ हा शब्द आढळतो. त्याचा अर्थ उघड आहे : लेखाची मर्यादा येथे संपली, यापुढे कोणी एक अक्षर वाढविल्यास ते या लेखाचे नव्हे. मजकूर लांब असल्यास ताव एकाखाली एक चिकटवीत आणि सांध्याच्या पाठीवर शिक्का उमटवीत. मधला एखादा ताव काढून दुसरा घालू पाहणाऱ्यास सांध्यावरील शिक्का जुळविता येत नसे.

महजरावर साक्षीदारांच्या निशाण्या असत. पाटलाची निशाणी नांगर. अन्य वतनदार व बलुतेदार आपापल्या धंद्याच्या हत्याराची आकृती काढीत. निरक्षर मनुष्याचीही साक्ष तिच्या कर्त्यासह ओळखता येई आणि ती सर्व गावासमक्ष उमटलेली असे.

परंतु आपल्या प्रश्नाशी सर्वांत निकटचा संबंध आहे तो प्रतीविषयीच्या पद्धतीचा. इनाम वा वतनाच्या सनदेच्या शेवटी अधिकाऱ्यास उद्देशून एक ठरीव वाक्य येते. त्याचा आशय असा की, या पत्राची प्रत लिहून घ्यावी आणि अस्सल पत्र भोगवट्यासाठी धारकाकडे परत द्यावे. कचेरीत राहावयाची ती प्रत, आणि अस्सल ज्याचे त्याच्याकडे. प्रतीवर ती नक्कल किंवा तालीक असल्याचा निर्देश केला जाई. त्यामुळे तालीक हाती आलेला मनुष्य तिला अस्सल म्हणून मिरवू शकत नसे. वतनाच्या तंट्यात अस्सल दाखवा, असा आग्रह पडे तो याच कारणाने.

या पद्धतीचे तीन विशेष ध्यानात घेण्याजोगे आहेत. एक, अस्सल धारकाच्या हातून कायमचे जात नाही. दोन, प्रत ही आपण प्रत असल्याचे स्वतःच सांगते. तीन, खूण उघड असते. जो कागद बाळगतो त्यास ती दिसते व वाचता येते. यावरून त्या काळी बनावट कागद होत नव्हते, असा अर्थ काढण्याचे कारण नाही. वतनाचे कज्जे खोट्या कागदांच्या आरोपांनी भरलेले आहेत. परंतु खोटेपणा शोधण्याची रीत ठरलेली होती आणि ती दोन्ही पक्षांस ठाऊक होती, हे महत्त्वाचे.

४. नाशिकचा छापखाना आणि मुद्रांकाचा धडा

विसाव्या शतकात कागद आणि खूण या दोन्ही गोष्टी राज्यसंस्थेने आपल्या हाती घेतल्या. नाशिक रोड येथे १९२५ मध्ये प्रतिभूति मुद्रणालय आणि १९२८ मध्ये चलनी नोटांचे मुद्रणालय सुरू झाले. नोटांचा जलचिन्हांकित कागद प्रथम परदेशातून येई. १९६८ मध्ये होशंगाबाद, म्हणजे आजचे नर्मदापुरम, येथील कारखान्यात तो तयार होऊ लागला. नोट खरी की खोटी हे सामान्य मनुष्य ती उजेडासमोर धरून पाहतो, हा जलचिन्हाचा लोकव्यवहारातील सर्वांत मोठा विजय होय.

तथापि खुणेचे बळ ती करणाऱ्या साधनाच्या रखवालीइतकेच असते, हे महाराष्ट्रास बनावट मुद्रांकांच्या प्रकरणात कळून आले. या प्रकरणातील मुख्य आरोपी अब्दुल करीम तेलगी यास २००१ मध्ये अटक झाली व पुढे न्यायालयांनी त्यास शिक्षा केल्या. नाशिकच्या मुद्रणालयातून निकामी म्हणून लिलावात निघालेली यंत्रे या कामी वापरली गेल्याचे तपासात पुढे आले. खूण उत्तम होती, परंतु खूण करणारे यंत्रच परक्या हाती गेले होते. त्यानंतर कागदी मुद्रांकाऐवजी संगणकीय मुद्रांकाकडे जो कल वाढला, त्यामागे हाच धडा होता.

५. डिजिटल जलचिन्ह

संगणकातील दस्तऐवजास ताव नाही, लगदा नाही, जाळी नाही. त्याची प्रत मुळाशी अक्षरशः एकरूप असते. अस्सल आणि तालीक हा भेदच तेथे नाहीसा होतो. ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न १९९० नंतरच्या दशकात झाला. ऑस्ट्रेलियातील टिर्केल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये इलेक्ट्रॉनिक जलचिन्हाची कल्पना मांडली. १९९७ मध्ये इंगमार कॉक्स व सहकाऱ्यांनी चित्राच्या महत्त्वाच्या घटकांतच खूण विखरून ठेवण्याची रीत प्रसिद्ध केली.

या खुणा दोन प्रकारच्या आहेत. अदृश्य खुणेचे तत्त्व असे : करड्या चित्रातील प्रत्येक बिंदूचा उजळपणा ० ते २५५ या आकड्यांत नोंदलेला असतो. त्यातील शेवटचा अंश एकाने बदलला, तर डोळ्यास फरक कळत नाही. अशा हजारो बिंदूंच्या शेवटच्या अंशांत हवा तो मजकूर साठविता येतो. मात्र चित्र लहान केले किंवा दाबून साठविले की अशी साधी खूण पुसली जाते. कॉक्स यांच्या रीतीतील खूण अधिक टिकाऊ असते. दृश्य खूण याहून सोपी आहे. पानावर तिरप्या, फिकट अक्षरांत ‘अमुक कामासाठी, अमुक यांस, अमुक दिनांकास दिलेली प्रत’ असे लिहावयाचे. हीच आपली तालीक होय.

येथे एक घोटाळा टाळावयास हवा. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याने मान्य केलेली डिजिटल स्वाक्षरी आणि जलचिन्ह या भिन्न गोष्टी आहेत. स्वाक्षरीवरून लेख कोणी प्रमाणित केला व नंतर त्यात फेरफार झाला की नाही, हे कळते. तिचे नाते मोर्तबाशी आहे. दृश्य जलचिन्ह प्रतीचा हेतू सांगते, फेरफार रोखीत नाही. महाराष्ट्रात २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला आणि २०२० मध्ये बदललेल्या नमुन्यात शासनाच्या चिन्हाचे जलचिन्हही आले. एकाच कागदावर दोन्ही असली, तरी त्यांची कामे वेगळी आहेत.

दृश्य खूण पुसता येत नाही, असेही नाही. गूगलच्या संशोधकांनी २०१७ मध्ये असे दाखवून दिले की, एकच खूण हुबेहूब त्याच रूपात अनेक चित्रांवर असेल, तर त्या सर्वांची तुलना करून ती आपोआप काढून टाकता येते. खुणेच्या रूपात प्रत्येक चित्रागणिक थोडा फरक केल्यास हे काम कठीण होते. ज्या खुणेत घेणाऱ्याचे नाव, हेतू व दिनांक प्रत्येक प्रतीगणिक बदलतात, ती एकाच ठशाच्या खुणेपेक्षा बळकट ठरण्यास हा एक तांत्रिक आधार आहे. दप्तरी व्यवहारात तर तिचे महत्त्व त्याहूनही अधिक आहे.

६. खूण कोणाची, कोणाविरुद्ध?

अदृश्य खुणेची एक बाजू इतिहासकाराने विशेष लक्षपूर्वक पाहावी. २००५ मध्ये अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेने एका प्रकारच्या रंगीत मुद्रणयंत्राच्या पानांवरील सूक्ष्म पिवळ्या ठिपक्यांचा उलगडा केला. त्या ठिपक्यांत यंत्राचा अनुक्रमांक आणि छपाईचा दिनांक व वेळ नोंदलेली होती. पान छापणाऱ्यास याची जाणीव नव्हती. पाटलाचा नांगर आणि हे पिवळे ठिपके दोन्ही ओळखीच्याच खुणा आहेत. परंतु नांगर पाटलाने स्वतः, जाणून-बुजून काढलेला आहे, आणि ठिपके वापरणाऱ्याच्या नकळत त्याच्याविषयी सांगतात. एक साक्ष आहे, दुसरी पाळत आहे. जलचिन्हाने गोपनीयतेचे रक्षण होते, हे विधान म्हणून अपुरे आहे. खूण कोणी केली, ती कोणास वाचता येते आणि ज्याच्याविषयी ती आहे त्यास ती ठाऊक आहे काय, हे तीन प्रश्न विचारल्यावाचून ते स्वीकारता येत नाही.

आधार क्रमांकाचा इतिहास महाराष्ट्रातूनच सुरू होतो. पहिले क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे देण्यात आले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळूर येथील कार्यालयाने, आधारपत्राच्या प्रती कोणासही देऊ नयेत, केवळ शेवटचे चार अंक दाखविणारी झाकलेली प्रत द्यावी, अशी सूचना काढली. ती दोनच दिवसांत, गैरसमज होण्याचा संभव म्हणून, मागे घेण्यात आली. झाकलेल्या प्रतीची सोय मात्र आजही आहे. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण अधिनियमाने ज्या हेतूसाठी माहिती घेतली त्याच हेतूपुरता तिचा उपयोग, हे तत्त्व कायद्यात आणले. तालिकेवर हेतू लिहिण्याची रीत आणि हे तत्त्व यांत आशयाची एकवाक्यता आहे, हे सहज दिसेल.

७. विनामूल्य साधनांचे मूल्य

आता विनामूल्य साधनांकडे वळू. ती दोन जातींची आहेत. पहिल्या जातीत दस्तऐवज दूरच्या संगणकावर पाठवावा लागतो. तेथे खूण होते आणि खूण केलेली प्रत परत येते. बिनखुणेचे अस्सल मात्र तेथे पोहोचलेले असते. ते पुसून टाकले जाईल, हे आश्वासन पडताळून पाहण्याचे साधन पाठविणाऱ्याजवळ नसते. सनदेच्या रीतीशी ताडून पाहिल्यास हा व्यवहार नेमका उलटा आहे. तेथे प्रत कचेरीत राही व अस्सल धारकाकडे परत येई. येथे प्रत धारकाकडे येते आणि अस्सल अनोळखी ठिकाणी राहू शकते. द्रव्य द्यावे लागले नाही, एवढ्यावरून हा सौदा फुकटचा म्हणता येणार नाही.

दुसऱ्या जातीतील साधने आपल्याच यंत्रावर काम करतात. लिब्रेऑफिस, गिंप, इमेजमॅजिक ही मुक्त व विनामूल्य आज्ञावली या कामास पुरेशी आहे. काही संकेतस्थळेही सर्व काम वापरणाऱ्याच्या यंत्रातच करतात. त्यांची एक सोपी परीक्षा आहे : पान उघडल्यावर आंतरजालाची जोडणी तोडावी, मग दस्तऐवज निवडावा. काम तरीही झाले, तर ते आपल्या यंत्रातच झाले. प्रत साठवून पान बंद केल्यानंतरच जोडणी पुन्हा सुरू करावी.

खूण करताना पाळावयाच्या गोष्टी जुन्या दप्तराच्या अनुभवाशी जुळतात. खूण कोपऱ्यात नव्हे, मजकुरावरून आडवी जावी, कारण कोपरा कापता येतो. सांध्यावर शिक्का करण्यामागे हेच तर्कशास्त्र होते. खूण केलेले पान शेवटी एकसंध चित्राच्या रूपात साठवावे, नाहीतर ती वरचा थर म्हणून सहज उचलून काढता येते. अंक झाकण्यासाठी केवळ काळा चौकोन वर ठेवून भागत नाही. खालील अक्षरे तशीच शिल्लक राहतात. छायाचित्रासोबत स्थळ व वेळ यांची जी नोंद नकळत जाते, तीही काढून टाकावी.

८. संशोधकाची जबाबदारी

हा विषय केवळ भाडेकरूंचा नाही. मराठवाड्यातील घराघरांत वतनाचे कागद, वंशावळी, इनामाच्या सनदा आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीकडे निजामकालीन कागदांतील कुणबी नोंदी तपासण्याचे काम आले, तेव्हा जुने कागद आजही पुराव्यादाखल किती जिवंत आहेत, हे सर्वांच्या प्रत्ययास आले. अशा काळात एखादे कुटुंब विश्वासाने आपले रुमाल संशोधकापुढे सोडते आणि संशोधक त्यांची चित्रे घेऊन जातो. ती चित्रे एखाद्या विनामूल्य सेवेकडे पाठवून त्यांवर खूण करून घेणे, म्हणजे त्या कुटुंबाचे अस्सल त्याला न विचारता तिसऱ्याच्या हाती देणे होय.

उलट दिशेची चूकही तितकीच वाईट. संस्थेचे नाव मजकुरावरून ठळकपणे छापून मोडी अक्षरे वाचता येणार नाहीत, अशी प्रत प्रसिद्ध करणे म्हणजे पुराव्यावरच शाई सांडणे आहे. म्हणून स्वच्छ मूळ प्रत बंद जागी जतन करावी, प्रत्येक बाहेर जाणाऱ्या प्रतीवर घेणाऱ्याचे नाव, हेतू व दिनांक यांची फिकट खूण असावी, आणि अशा प्रतींचे एक बारनिशीवजा नोंदपुस्तक ठेवावे. खुणेत संस्थेने मालकीचा दावा करू नये. कागद कुटुंबाचा असेल, तर तसा निर्देश असावा.

सारांश, कागजीपुऱ्याच्या मुक्या कागदावर लिहिणाऱ्या समाजाने विश्वास कागदात न ठेवता रीतीत ठेविला : अस्सल धारकाकडे, प्रत ही प्रत म्हणून, आणि खूण उघड. कागद गेला, तरी या तिन्ही अटी बाद झालेल्या नाहीत. डिजिटल जलचिन्हाचे कोणतेही साधन, विनामूल्य असो वा समूल्य, याच तीन अटींवर पारखावे. ज्या साधनात अस्सल हातचे जाते, ते कितीही सोयीचे असले तरी दस्तऐवजाचे रक्षण करीत नाही.